मनगटावरचा हिरवा दिवा

'अगं, माझे आज एकशे अठ्ठावीस झाले!'

'माझे एकशे दहाच. पण माझं घड्याळ तुझ्यापेक्षा महागाचं आहे हं!'

सकाळी साडेसहाला सावेडीतल्या आमच्या रस्त्यावरून कुणी जात असेल आणि हे बोलणं त्याच्या कानावर पडलं, तर त्याला वाटेल बायका भिशीचा नाहीतर सोन्याचा हिशेब करताहेत. तसं काही नाही. आम्ही एकमेकींना आपापल्या काळजाचे ठोके सांगत होतो.

सुरुवात झाली ती २०२५ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिळाच्या वड्या खाता खाता विषय वजनावर गेला (आमच्याकडे तो नेहमी खाता खाताच निघतो), आणि अकरा जणींनी ठरवलं, उद्यापासून चालायचं. आमचा बचत गट आहे, त्यामुळे ठरवलेलं निभावायची थोडी सवय आहे. महिनाभर कुणी गळलं नाही तेव्हा हुरूप आला आणि एकीने पुडी सोडली, 'दिवाळीनंतर कळसूबाईला जाऊ या का?'

कळसूबाई! महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. ते आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. शाळेत भूगोलाच्या पेपरात या शिखराने एक मार्क हमखास मिळवून दिला, पण नगरला सासरी येऊन तेवीस वर्षं झाली तरी त्याच्या पायथ्याशी मी गेले नव्हते. (२०२४ पासून आमचं नगर कागदोपत्री अहिल्यानगर झालंय. लिहिताना लक्षात राहतं, बोलताना अजून जीभ नगरकडेच वळते.)

आता शिखर चढायचं म्हणजे तयारी हवी. एकीच्या मुलाने पुण्याहून तिला मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला. पावलं मोजतो, झोप मोजतो आणि मुख्य म्हणजे हृदयाचे ठोके दाखवतो. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत असतो. झालं! महिन्याभरात आमच्या गटात सहा हिरवे दिवे लागले. कुणी मोबाइलवरून मागवलं, कुणी कापडबाजारातून आणलं, कुणी लेकाचं जुनं घातलं. किमती साडेतीनशेपासून चार हजारांपर्यंत. माझ्याकडे नव्हतं. पण गटात 'लिहिणारी' म्हणून कार्डशीटवर तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मोठ्या हौसेने केलं. २२० मधून आपलं वय वजा करायचं, येईल तो आकडा म्हणजे हृदयाचा सर्वांत जास्त वेग. चालताना त्याच्या ५० ते ७० टक्क्यांत राहायचं. अकरा जणींची वयं (खरी, हे विशेष!) विचारून मी अकरा ओळी लिहिल्या आणि तक्ता देवळाच्या सभामंडपात लावला.

त्या तक्त्याने आमच्या थोरल्या काकूंचा घात होता होता वाचला. म्हणून हा लेख.

काकूंचं वय बासष्ट. तक्त्याप्रमाणे त्यांनी ७९ ते ११० मध्ये राहायचं. पण काकू कितीही झपझप चालल्या तरी त्यांच्या घड्याळात पंचाऐंशीच्या वर काही दिसेना. आम्ही गमतीत म्हणायचो, 'काकू, तुम्ही चालताय की झोपलाय?' काकूंना ते लागलं. एका रविवारी आम्ही सरावासाठी चांदबिबीच्या महालावर गेलो. नगर-पाथर्डी रस्त्यावर डोंगरावरची ती आठ कोनी, तीन मजली इमारत. नाव चांदबिबीचं, पण आत कबर आहे निजामशाहीतला मंत्री सलाबतखानाची. एवढी मोठी वास्तू बांधून घेतली त्याने आणि नाव झालं बाईचं, याचा मला इतिहास घेऊन बी.ए. केल्यापासून गुपचूप आनंद आहे. असो. त्या चढावर काकू सगळ्यांच्या पुढे. घड्याळाकडे बघत, दात-ओठ खात, 'आज शंभर करूनच दाखवते' म्हणत. अर्ध्या चढावर त्या एकदम थांबल्या, कठड्याला धरून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. मनगटावर आकडा होता ९१.

आमचं सगळ्यांचं पाणी पाणी झालं. एकीने १०८ नंबरही लावायला घेतला होता. पाण्याचे घोट घेऊन, आडवं झाल्यावर काकूंना बरं वाटलं, आणि आम्ही त्यांना तशाच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी निघाला, तो सुदैवाने ठीक होता. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, 'हा तक्ता कुणी केला?'

मी खाली मान घालून उभी.

काकूंना रक्तदाबासाठी ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांतली एक होती मेटोप्रोलोल. या जातीच्या गोळ्या हृदयाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, ते त्यांचं कामच आहे. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवायची आणि काटा पुढे जात नाही म्हणून ॲक्सिलरेटर दाबत राहायचं, तसं काकू करत होत्या. ठोके पंचाऐंशी दिसत होते, पण शरीर मात्र केव्हाच दमलं होतं. डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली. गोळीच्या मूळ औषधाच्या नावाच्या शेवटी 'लोल' असेल, म्हणजे ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, तर २२० वजा वयाचं गणित आपल्यासाठी नाही. आपल्याला किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारायचं. आणि हे वाचून घाबरून गोळी बंद तर अजिबात करायची नाही! ती एकदम बंद करणं जास्त धोक्याचं.

त्या दिवशी घरी येऊन मी आधी तक्ता उतरवला. मग ठरवलं, आपण लोकांना शिकवायच्या आधी स्वतः शिकावं.

पहिली गोष्ट कळली ती या गणिताबद्दलच. २२० वजा वय हे सूत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत जुन्या काही अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेली ढोबळ रेघ आहे, आणि त्या आकड्यांत बहुतेक पुरुष होते. पुढे २०१० मध्ये शिकागोच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मार्था गुलाटी यांनी ५,४३७ बायकांच्या तपासण्यांवरून बायकांसाठी वेगळं सूत्र मांडलं: वयाला ०.८८ ने गुणायचं आणि ते २०६ मधून वजा करायचं. माझं वय ४६. जुन्या सूत्राने १७४ येतात, नव्याने साधारण १६५. म्हणजे आठ-नऊ ठोक्यांचा फरक! पुरुषांच्या मापाचा ब्लाउज आपण इतकी वर्षं घालत होतो म्हणा ना. अर्थात हेही सरासरीचंच माप. एकाच वयाच्या दोन बायकांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो.

दुसरी गोष्ट, तो हिरवा दिवा करतो काय? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, जास्त प्रकाश शोषला जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये कमी. परत येणारा प्रकाश किती वेळा कमी-जास्त झाला ते घड्याळ मोजतं. म्हणजे ते ठोके ऐकत नाही, बघतं. म्हणूनच बघण्यात काही अडथळा आला की ते चुकतं. आता आपल्या मनगटावर अडथळे किती ते बघा. एक, बांगड्या. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर एक-दोन बोटं, घट्ट बसायला हवा आणि नेमकी तिथेच आपली काकणं. पट्टा बांगड्यांच्या खाली अडकला की सैल होतो, उडतो, बाहेरचा उजेड आत शिरतो. आमच्यातल्या एकीला चालताना सारखे १२० च दिसायचे. तिच्या मुलीने शोधून काढलं, ते ठोके नव्हतेच, ती पावलं टाकताना हलणारा पट्टा घड्याळ मोजत होतं! दोन, गोंदण. आमच्या पाथर्डीकडच्या मावशींच्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे. त्यांच्या हातावर घड्याळ नुसत्या रेघा दाखवायचं. 'माझं काळीज बंद पडलं का गं?' म्हणून बिचाऱ्या घाबरल्या. शाईत प्रकाश अडकतो, एवढंच. दुसऱ्या, कोऱ्या हातावर बांधलं आणि आकडा आला. तीन, थंडी. नगरच्या डिसेंबरात पहाटे हात गार पडलेले असतात, कातडीतलं रक्त कमी झालेलं असतं, मग पहिली दहा मिनिटं आकडा वाटेल तो. आधी हात चोळून थोडं चालून मग बघावं.

आता खरं-खोटं ओळखायचं कसं? साडेतीनशेवाल्या घड्याळावर आमचा सगळ्यांचा संशय. एका संध्याकाळी आम्ही ते चक्क काकडीला बांधलं. काकडीची नाडी ७४! हसून हसून मुरकुंडी वळली. मग चार हजारांचं घड्याळ शहाणपणाने काकडीला बांधलं, तर तिथेही ६९ आले. आमचं हसू थांबलं. नंतर कळलं, हे चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या घड्याळांनाही होतं. त्यांना समोर हात आहे की काकडी, हे नेहमी ओळखता येत नाही. प्रकाश परत आला की ती काहीतरी आकडा काढतात. तेव्हा मैत्रिणींनो, काकडीची परीक्षा मनोरंजनापुरती. खरी परीक्षा दुसरीच आहे आणि ती फुकट आहे.

ती आम्हाला शिकवली आमच्या भागातल्या आशाताईंनी. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे श्वास मोजायचं काम त्या करतात, त्यासाठी त्यांच्या पिशवीत घड्याळ असतं. त्या म्हणाल्या, 'ताई, तुम्ही सगळ्या एवढ्या शिकलेल्या, आणि स्वतःची नाडी मोजता येत नाही?' मग आम्हा अकरा जणींना ओळीने बसवलं. तळहात वर करायचा. दुसऱ्या हाताची तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत हलकेच ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याची स्वतःचीच नाडी लागते. वैद्य तिथेच बोटं ठेवून वात-पित्त-कफ बघतात. आपल्याला एवढं काही कळून घ्यायचं नाही, फक्त मोजायचं आहे. बसल्या बसल्या पूर्ण एक मिनिट मोजायचं. चालून किंवा चढून थांबलो असू तर लगेच पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, कारण थांबल्यावर वेग झपाट्याने उतरतो.

सेकंदकाट्याचं घड्याळ एवढंच यंत्र लागतं. आणि ते काही आजचं नाही. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज डॉक्टरने बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ मुद्दाम नाडी मोजायला करून घेतलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचा तो हार्ट रेट मॉनिटर!

तर घड्याळाची परीक्षा अशी: पाच मिनिटं शांत बसायचं, एका हाताला घड्याळ, त्याच हाताची नाडी दुसऱ्या हाताने मिनिटभर मोजायची, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. मग जिना दोनदा चढून-उतरून यायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळा पाच-सात ठोक्यांच्या आत फरक असेल तर घड्याळ आपल्या कामाचं. साडेतीनशेवालं बसल्यावर बरं निघालं. जिना चढल्यावर मात्र ते ७८ वरच ठाम आणि हाताने मोजले तर १२४. तीच तर खरी गरजेची वेळ! ते आता आमच्या मुलांच्या खेळण्यांत आहे. बाराशे रुपयांचं एक आणि दोन हजारांचं एक, ही दोन्ही पास झाली. चार हजारांचंही झालं, पण दोन हजारांच्या मानाने ठोक्यांच्या बाबतीत जास्त काही देत नव्हतं. जास्तीचे पैसे होते ते फोन घ्यायची सोय, गाणी आणि चकचकीत पडदा यांचे.

या परीक्षेच्या दिवशीच दुसरी गोष्ट घडली.

आमच्यात एक धाकटी वहिनी आहे. वय बत्तीस. घरून वीस-बावीस डबे करून देते. चालताना कायम मागे, सारखी धापा टाकणारी. 'डब्याच्या भाज्या चाखून चाखून जड झालीस,' असं आम्ही तिला चिडवायचो, हे आज लिहितानाही लाज वाटते. बसल्या बसल्या तिच्या हातावरच्या घड्याळात १०४ आले. आम्ही म्हटलं, घड्याळ बिघडलं. दुसरं बांधलं, १०२. मग आशाताईंनी स्वतः मोजलं, १०४. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाल्या, 'उद्याच्या उद्या रक्त तपासायचं.'

शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० च्या मध्ये असते. त्याच्या वर रोज असेल तर कारण शोधावंच लागतं. वहिनीचं हिमोग्लोबिन निघालं ७.४. बायकांचं निदान १२ असावं लागतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं कमी, म्हणून हृदय तेच काम दुप्पट फेऱ्या मारून करत होतं. ती लठ्ठपणाने दमत नव्हती, आळशीही नव्हती, ती बाई दोन वर्षं रिकाम्या टाकीवर वीस डबे करत होती. पाळीला फार जातं, हे तिने डॉक्टरांना सांगितलं. घरी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. 'त्यात काय सांगायचं?' हे तिचं वाक्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं, हे मी भाषणांत कितीदा तरी सांगितलंय. माझ्या शेजारून रोज चालणारी मात्र मला दिसली नाही. उपचार सुरू झाले, गर्भाशयाची तपासणी झाली, गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि त्यावर लगेच चहा नाही, हे पथ्य तिने पाळलं. चहा सोडणं तिला सगळ्यांत जड गेलं. थायरॉइड वाढला तरी नाडी अशी धावते, तेव्हा कारण ज्याचं त्याने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

आता कुणी म्हणेल, मग घड्याळ घ्यायचं की नाही? आणि घ्यायचं तर कोणतं? हे मला इतक्या जणी विचारतात की मी दुकान काढलंय असं वाटावं.

नुसतं सकाळी अर्धा तास चालायचं असेल आणि पैशाची ओढ असेल, तर खुशाल घेऊ नका. बोटं आहेत, भिंतीवर घड्याळ आहे. आणखी सोपी खूण हवी असेल तर: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, तो वेग बरोबर. सहज गाता येत असेल तर थोडा वाढवा. दोन शब्दांत धाप लागत असेल तर कमी करा. माझी आजी जात्यावर तासभर ओव्या म्हणायची. तेव्हा तिचं दळण आपल्या चालण्यापेक्षा हलकं होतं की तिची छाती आपल्यापेक्षा मजबूत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोरोनाच्या वेळी २०२०-२१ मध्ये घेतलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत कपाटात पडलेलं आहे. त्यात प्राणवायूच्या शेजारी ठोकेही दिसतात. सेल बदला आणि वापरा. पण थांबून, हात स्थिर ठेवून; चालताना त्याचा उपयोग नाही. नेलपॉलिश आणि गडद मेंदी असलेलं बोट टाळा.

मनगटी पट्टा घ्यायचाच तर हजार-दीड हजार ते अडीच हजारांत काम भागतं. दुकानदार पडद्याचे रंग आणि शंभर प्रकारचे व्यायाम दाखवेल. आपण मात्र विचारायचं, चालताना ठोके सतत मोजतं का, की दहा मिनिटांनी एकदा? दुकानाच्या बाहेर उन्हात न्या आणि चष्म्याशिवाय आकडा दिसतो का ते बघा. हे मी सगळ्यांत वर ठेवेन. पट्ट्याचं शेवटचं भोक आपल्या मनगटाला घट्ट बसतं का, कारण यांतली बरीच घड्याळं पुरुषी हातासाठीच केलेली. मोबाइलशिवाय नुसत्या घड्याळावर आकडा दिसतो का? भांडी घासताना ओलं झालं तर चालतं का? चार्जरची वायर हरवली तर तशी गावात मिळते का? आणि पक्कं बिल. आमच्या एकीचं घड्याळ सात महिन्यांत बंद पडलं. हमी वर्षाची होती, पण बिलाऐवजी चिठ्ठी घेतलेली. दुकानदाराने हात वर केले. मोबाइलवरून मागवलंत तर परत करायच्या मुदतीतच आपली जिन्याची परीक्षा उरकून घ्या. उष्मांक किती जळाले, ताण किती आहे, रक्तदाब किती, हे आकडे स्वस्त घड्याळ दाखवतं खरं. ते मी बघायचं सोडून दिलंय. रक्तदाब दंडाला पट्टा बांधूनच मोजायचा.

छातीचा पट्टा ही तिसरी तऱ्हा. ब्लाउजच्या आत, इलॅस्टिकच्या रेषेत बांधायचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जी बारीकशी वीज निर्माण होते ती हा पट्टा पकडतो, ईसीजीचंच तत्त्व. फिनलंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका प्राध्यापकाने बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंच्या निमित्ताने हे काम सुरू केलं आणि १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली. बांगड्या, गोंदण, थंडी, कशाचाच त्रास नाही. आकडा जवळजवळ ईसीजीसारखा अचूक. पण किंमत तीन-साडेतीन हजारांपासून पुढे, बांधायच्या आधी त्याच्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्या लागतात, घामाचं मीठ बसू नये म्हणून रोज धुवावा लागतो, आणि त्याला पडदा नसतो, आकडा मोबाइलमध्ये किंवा घड्याळात बघायचा. चालणाऱ्या बाईला तो नको. पेसमेकर बसवला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

तरी आम्ही तो एक घेतला. आमच्यातल्या एकीची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ती वाडिया पार्कवर जोरात एक फेरी पळते, थांबते, ठोके १२० पर्यंत उतरले की पुढची फेरी. जोरात पळून एकदम थांबताना मनगटावरचं घड्याळ मागे पडतं. तिचे ठोके उतरले तरी ते जुनाच आकडा धरून बसायचं. गटातून तिला बिनव्याजी पैसे दिले. महिना दोनशे परतफेड, एकही हप्ता चुकलेला नाही.

आम्ही जे केलं ते जगावेगळं नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांनी बाळंतपणं केली, रक्तदाब तपासला, आणि हे बघायला जगभरातून डॉक्टर जामखेडला आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांसमोर आमची तीन बोटं म्हणजे बिगरीचा वर्ग.

देवळातला तक्ता मी पुन्हा लावला, पण आता त्यात '५० ते ७० टक्के' नाही. अकरा नावं आणि तीन रकाने: सकाळी उठल्यावरची नाडी, चालून थांबल्यावरची, आणि थांबल्यावर एका मिनिटाने. एका मिनिटात निदान बारा ठोके उतरायला हवेत; उतरले नाहीत, किंवा सकाळचा आकडा रोजच्यापेक्षा आठ-दहाने वर राहिला, तर त्या दिवशी विश्रांती. तसं बरेच दिवस राहिलं तर डॉक्टर. तक्त्याच्या खाली लाल शाईने लिहिलंय: छातीत दडपण, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, गार घाम, कारण नसताना दम लागणं, मळमळ, यांतलं काही झालं तर घड्याळात काय दिसतं ते बघत बसायचं नाही, १०८ लावायचा. बायकांना हृदयविकारात छाती ठळकपणे दुखेलच असं नसतं, आणि पाळी गेल्यानंतर हा धोका वाढत जातो. ॲसिडिटी म्हणून ओवा चावत बसलेल्या दोघी माझ्या ओळखीत गेल्या आहेत.

नोव्हेंबरात आम्ही कळसूबाईला गेलो. संगमनेर, अकोले, राजूर करत पायथ्याच्या बारी गावी पोचलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. थोरल्या काकू हट्टाने आल्या होत्या, पण डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे त्या पहिल्या टप्प्यापर्यंतच चढणार होत्या आणि मग खाली थांबणार होत्या. त्यांचं घड्याळ त्यांनी त्या दिवशी घरीच ठेवलं होतं. धाकटी वहिनी, हिमोग्लोबिन आता ११.२, माझ्या पुढे होती. लोखंडी शिड्यांवर तर मला तिच्या चपलांचे तळवेच दिसत होते. दुसऱ्या शिडीच्या खाली मी थांबून नाडी मोजली, १४४ भरली. बोलायला गेले तर शब्द तुटायला लागले. दगडावर बसले. वहिनी वरून ओरडली, 'या ताई, सावकाश या, मी थांबते!'

वर देवीचं छोटंसं देऊळ, चहूकडे वारा. नारळ फोडला, फोटो काढले, एकीने नवऱ्याला फोन लावला आणि रेंज मिळेना म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या नवऱ्याला हाका मारल्या.

उतरायला दुपार झाली. खाली बारीत पिठलं-भाकरी तयार होती. काकू ओसरीवर मनगटी घड्याळ हातात धरून बसल्या होत्या, माझं, सेकंदकाट्याचं, सकाळी मागून घेतलेलं. जेवायच्या आधी एकेकीला समोर बसवून त्यांनी तीन बोटांनी नाडी मोजली आणि वहीत लिहिली. माझी ९६.

'भूक लागली असेल,' त्या म्हणाल्या, 'वाढा हिला आधी.'